तारापूरचं इंधन, दिल्लीचं धोरण

तारापूरच्या अणुवीज केंद्रात चार अणुभट्ट्या एकमेकींना लागून उभ्या आहेत, पण त्यांना लागू असलेले नियम एक नाहीत. क्रमांक एक आणि दोनच्या भट्ट्यांवर व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक येतात. ते इंधनाच्या जुड्या मोजतात, जळून गेलेलं इंधन ज्या तलावात बुडवून ठेवलेलं असतं त्यावर रोखलेल्या कॅमेऱ्यांच्या नोंदी पाहतात, लावलेली सीलं शाबूत आहेत का ते तपासतात. शेजारच्या तीन आणि चार क्रमांकांच्या भट्ट्यांवर या निरीक्षकांचा काडीचाही अधिकार चालत नाही. पहिली जोडी अमेरिकेकडून घेतलेली, दुसरी आपल्याच अभियंत्यांनी बांधलेली. बोईसरहून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरून हा फरक दिसत नाही, आणि दिसण्याचं कारणही नाही. पण स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र धोरणाची पन्नास-साठ वर्षं समजून घ्यायची असतील, तर दिल्लीतल्या भाषणांपेक्षा या दोन जोड्यांमधल्या अंतराकडे पाहणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

अलिप्ततावादाबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकू येतात. एकाला तो नेहरूंचा उदात्त आदर्श वाटतो, दुसऱ्याला भाबडेपणा. दोन्ही मतांमध्ये एक गोष्ट निसटते. भारताला जगाकडून खूप काही हवं होतं: धान्य, कर्ज, यंत्रं, युरेनियम. ते घेताना देणाऱ्याची कोणती अट मानायची आणि कोणती नाही, हाच धोरणाचा खरा मजकूर होता. आणि ही हुज्जत फार जुनी आहे. तिची सुरुवात तारापूरच्याच पालघर जिल्ह्यात शोधता येते.

३१ डिसेंबर १८०२. पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केल्यावर दुसरा बाजीराव पळाला आणि कोकणातून इंग्रजांच्या आश्रयाला वसईत पोहोचला. तिथे कंपनीबरोबर जो तह झाला त्यातलं तैनाती फौजेचं कलम शाळेच्या पुस्तकात असतं: किमान सहा हजार पायदळ, आणि त्याच्या खर्चापोटी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख. पण त्याच तहातली दुसरी दोन कलमं जास्त बोलकी आहेत. इंग्रजांशी ज्यांचं युद्ध चालू आहे अशा युरोपीय देशांतल्या माणसांना पेशव्यांनी चाकरीत ठेवायचं नाही. आणि इतर सत्तांशी कोणतीही बोलणी कंपनीला विचारल्याशिवाय करायची नाहीत. म्हणजे मुलूख, खजिना, न्यायनिवाडा हे सगळं पुढची काही वर्षं पेशव्यांकडे राहिलं. गेलं ते बाहेरच्यांशी स्वतःच्या तोंडाने बोलणं. १८१८ साली राज्य बुडालं असं आपण म्हणतो. परराष्ट्र खातं मात्र सोळा वर्षं आधीच वसईच्या मुक्कामी बंद झालं होतं. त्याच्या ६३ वर्षं आधी चिमाजी अप्पांनी ज्या वसईसाठी आणि वाटेतल्या तारापूरच्या किल्ल्यासाठी माणसं गमावली, तिथेच हे घडावं हा इतिहासाचा खवचटपणा.

इंग्रजांच्या राज्यात 'भारताचं परराष्ट्र धोरण' नावाची गोष्ट होती. व्हाइसरॉयच्या हाताखाली त्याचं खातं होतं, तिबेट, अफगाणिस्तान, इराणचं आखात हे सगळे त्याचे विषय होते, आणि १९१९ नंतर तर भारत राष्ट्रसंघाचा सभासदही होता. फक्त त्यात भारतीयांना विचारण्याची पद्धत नव्हती. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगोंनी भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, तेव्हा प्रांतोप्रांती निवडून आलेली मंत्रिमंडळं काम करत होती. त्यातल्या एकालाही त्यांनी आधी विचारलं नाही. काँग्रेसची मंत्रिमंडळं त्याच वर्षी बाहेर पडली. तिथून बेचाळीसच्या ऑगस्टपर्यंतची वाट सरळ आहे. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण मारले गेले. त्यांचा स्मृतिस्तंभ शहरात आहे, दर वर्षी त्या दिवशी बाजार बंद राहतो. त्या मोर्चाला आपण स्वातंत्र्यलढा म्हणून ओळखतो, ते बरोबरच आहे. पण आपल्याला न विचारता आपल्याला कुणाच्या तरी लढाईत ओढलं गेलं, ही चीडही त्यात होती. ७ सप्टेंबर १९४६ ला हंगामी सरकारचे प्रमुख म्हणून नेहरू रेडिओवर बोलले आणि सत्तागटांपासून शक्यतो दूर राहण्याची भूमिका त्यांनी मांडली, तेव्हा ऐकणाऱ्यांना ती हवेतली वाटली नसणार. ज्या पिढीने १९३९ पाहिलं होतं तिच्यासाठी तो अनुभव होता.

स्वातंत्र्यानंतर पालघरच्या ईशान्येला, तलासरी आणि जव्हारच्या हद्दीला टेकून, एक विचित्र प्रश्न शिल्लक राहिला. दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांकडे होती, पण दमणच्या किनाऱ्यावरून तिथे जायला भारताची जमीन ओलांडावी लागायची. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांच्या वेगवेगळ्या गटांनी हे दोन्ही प्रदेश मुक्त केले. आझाद गोमंतक दलाचे लोक त्यात होते, पुण्या-मुंबईचे तरुण होते, सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरेही होते. नेहरू सरकारने सैन्य पाठवलं नाही. फक्त पोर्तुगीज शिपायांना दमणहून भारतातून पलीकडे जाऊ दिलं नाही. पोर्तुगाल १९५५ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला आणि लगेच हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावून मोकळा झाला. मागणी अशी: आमच्या मुलखात जाण्याची वाट आम्हाला द्या.

मराठी वाचकाने या खटल्याची फाइल एकदा तरी उघडायला हवी, कारण तिच्यात पेशवाई आहे. पोर्तुगालचा आधार होता १७७९ चा पुण्याचा तह. पेशव्यांनी दर साल बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं पोर्तुगीजांना दिली होती, पुढे १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी ती नेमून दिली. पोर्तुगालचं म्हणणं, या तहाने गावांचं स्वामित्व आम्हाला मिळालं. भारताचं म्हणणं, मराठ्यांनी फक्त वसूल लावून दिला, राज्य दिलं नाही. हेगच्या न्यायासनासमोर मराठी आणि पोर्तुगीज मजकुरांची पडताळणी झाली, जहागीर म्हणजे काय आणि सरंजाम म्हणजे काय याचा कीस पडला. भारताच्या वतीने न्यायासनावर महंमद करीम छागला बसले होते, बाजू मांडणाऱ्यांत ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड होते. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. मराठ्यांनी दिला तो केवळ महसुलाचा हक्क, हे भारताचं म्हणणं न्यायालयाने मानलं. पण पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता तिथे गृहीत धरली, म्हणून नागरिकांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला वाट मिळण्याचा हक्क पोर्तुगालला होता, असंही म्हटलं. शस्त्रधारी शिपायांना मात्र तो नव्हता, आणि १९५४ साली भारताने अडवणूक करून कोणताही नियम मोडलेला नाही. दोन्ही बाजूंना आम्हीच जिंकलो असं सांगता येईल असा निकाल; भारताला हवं ते मात्र त्यातून मिळालं.

मुक्तीनंतरची सात वर्षं नगर हवेलीचा कारभार स्थानिक वरिष्ठ पंचायत पाहत होती. १९६१ साली विलीनीकरणाच्या करारावर नेहरूंच्या बरोबरीने सही करायला तिथल्या सरकारचा कुणी प्रमुख हवा, म्हणून के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान करण्यात आलं. कागद चोख असावा हा आग्रह इतका. आणि त्याच वर्षी डिसेंबरात गोव्यात सैन्य घुसवलं. सुरक्षा परिषदेत अमेरिकेच्या ॲडलाय स्टीव्हन्सननी भारताला धारेवर धरलं, सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने भारत वाचला. हेगमध्ये कायदा, गोव्यात रणगाडे. याला दुटप्पीपणा म्हणायचं का? पाश्चात्त्यांनी म्हटलंच. मला ती वैतागलेल्या देशाची शेवटची पायरी वाटते. चौदा वर्षं विनवण्या करून पोर्तुगाल हलत नव्हता. पण शांततेचे धडे जगाला देणाऱ्यांची त्या दिवसापासून पंचाईत झाली हेही खरं. वर्षभरात चीनने हल्ला केला आणि १९ नोव्हेंबर १९६२ ला त्याच नेहरूंना त्याच अमेरिकेच्या अध्यक्षांकडे लढाऊ विमानांची मदत मागणारी पत्रं लिहावी लागली.

तारापूर उभं राहिलं ते या काळात.

त्यामागचा माणूस होमी भाभा. डिसेंबर १९५३ मध्ये आयझेनहॉवरनी 'शांततेसाठी अणू'ची घोषणा केली, १९५५ ला जिनिव्हात त्या विषयावरची पहिली मोठी परिषद भरली, तिचे अध्यक्ष भाभा होते. पुढे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना तयार होत असताना त्यांनी एक हरकत पुन्हापुन्हा घेतली. बाहेरून मदत घेणाऱ्या देशांवर कडक तपासणी लादली, तर ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांना मोकळीक आणि जे मागतात त्यांच्यामागे निरीक्षक, असे जगाचे दोन वर्ग पडतील. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या शास्त्रज्ञाला त्यात कशाची आठवण येत असेल ते वेगळं सांगायला नको. त्यांचा स्वतःचा आराखडाही या अडचणीतून वाट काढणारा होता: देशातलं नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी वापरणाऱ्या भट्ट्या, त्यांतून निघणाऱ्या प्लुटोनियमवर चालणाऱ्या शीघ्र प्रजनक भट्ट्या, आणि शेवटी केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत भरपूर असलेलं थोरियम. या आराखड्यात समृद्ध युरेनियमला जागाच नव्हती, कारण ते बाहेरूनच आणावं लागणार.

मग तारापूरला समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या अमेरिकी भट्ट्या कशा आल्या? उत्तर रुक्ष आहे. जागतिक निविदांमध्ये त्या स्वस्त पडल्या. मुंबई-अहमदाबाद पट्ट्यातल्या गिरण्या-कारखान्यांना वीज हवी होती, कोळशाच्या खाणी शेकडो मैल दूर होत्या आणि थंडाव्यासाठी समुद्राचं पाणी दाराशी होतं. भाभांना तर जगाला दाखवायचं होतं की भारतात अणुवीज परवडते. ८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये करारावर सह्या झाल्या. जनरल इलेक्ट्रिकने दोन्ही भट्ट्या उभ्या करून द्यायच्या, त्यासाठी अमेरिकेच्या मदतसंस्थेचं आठ कोटी डॉलरचं कर्ज, व्याज पाऊण टक्का, फेड चाळीस वर्षांत. कराराची मुदत तीस वर्षं. आणि मधलं कलम असं, की या मुदतीत तारापूर फक्त अमेरिकेच्या इंधनावर चालेल, आणि अमेरिका लागेल तेवढं इंधन देत राहील. किराणा एकाच दुकानातून घ्यायचा, उधारीही तिथलीच, आणि दुकान कधी बंद होणार नाही असा शब्द.

या कलमात भाभांची हुशारी होती. भारताने आंतरराष्ट्रीय तपासणी तत्त्व म्हणून मान्य केली नाही. ती या एका केंद्रापुरती, इथल्या अमेरिकी इंधनापुरती मान्य केली. बाकी ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र मोकळं राहिलं. पहारा कुठपर्यंत, याची रेषा त्यांनी तारापूरच्या कुंपणावरच आखून घेतली. त्या वेळी ही केवढी मोठी सवलत ठरेल हे अमेरिकेच्या लक्षात आलं नसावं. बांधकाम १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. त्याच महिन्याच्या १६ तारखेला चीनने पहिला अणुबॉम्ब उडवला आणि दिल्लीतली चर्चा कायमची बदलली. जानेवारी १९६६ मध्ये आल्प्समधल्या विमान अपघातात भाभा गेले. त्यांनी जमवून आणलेलं केंद्र १९६९ च्या ऑक्टोबरात वीज देऊ लागलं आणि १९ जानेवारी १९७० ला इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केलं. महाराष्ट्र आणि गुजरात दोघांना वीज मिळू लागली. भट्ट्या प्रत्येकी २१० मेगावॅटच्या होत्या, पुढे त्या १६० वर चालवल्या जाऊ लागल्या.

दरम्यान अण्वस्त्रप्रसारबंदी करार आला होता. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केला ते अण्वस्त्रधारी, बाकीच्यांनी कायमचे हात वर करायचे. भाभा १९५६ साली ज्याला दोन वर्ग म्हणत होते ते आता कराराच्या व्याख्येतच बसले. भारताने सही केली नाही, आजतागायत केलेली नाही. आणि १८ मे १९७४ ला पोखरणला स्फोट केला. त्यातलं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतलं. ही भट्टी कॅनडाने दिलेली, तिच्यातलं जड पाणी अमेरिकेचं. तारापूरचा एक ग्रामसुद्धा त्यात नव्हता. तरी शिक्षा तारापूरला झाली, कारण अमेरिकेला भारताची नाडी जिथे दाबता येत होती अशी तीच एक जागा होती.

१९७५ मध्ये लंडनला अणुसाहित्य विकणाऱ्या देशांची गुपचूप बैठक भरली; त्यातूनच आजचा अणुपुरवठादार गट आला. कॅनडाने पुढच्या वर्षी सहकार्य संपवलं. अमेरिकेने इंधनाचे परवाने लांबवायला सुरुवात केली. १९७८ च्या जानेवारीत जिमी कार्टर दिल्लीला आले, मोरारजी देसाईंशी बोलणी झाली, सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. आणि परत गेल्यावर मोरारजींना एक थंड आणि रोखठोक पत्र लिहायला हवं, हे स्वतःच्या परराष्ट्रमंत्र्याच्या कानात सांगताना कार्टरांना जवळचा मायक्रोफोन चालू असल्याचं भान राहिलं नाही. पत्रकारांनी ते ऐकलं. मोरारजींनी मनावर घेतलं नाही, पण मार्चमध्ये अमेरिकेने कायदाच केला: ज्या देशाची सगळी अणुकेंद्रं तपासणीखाली नाहीत त्याला दोन वर्षांनंतर इंधन नाही. १९६३ चा करार आधीचा, कायदा नंतरचा. एका संसदेने कायदा बदलला म्हणून दुसऱ्या सार्वभौम देशाशी केलेला करार बदलतो का, हा भारताचा प्रश्न होता, आणि तो अगदी रास्त होता.

भारताच्या हातात एक पत्ता मात्र होता, आणि तो तारापूरच्या तलावात बुडालेला होता. अशा भट्टीच्या गाभ्यात इंधनाच्या २८४ जुड्या असतात. त्यातल्या युरेनियममधला फुटणारा अंश वाढवून दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास आणलेला असतो. निसर्गात तो जेमतेम ०.७ टक्के असतो. काही वर्षं भट्टीत राहिल्यावर जुडी निरुपयोगी होते आणि बाहेर काढून खोल पाण्यात ठेवावी लागते, कारण ती प्रचंड तापलेली आणि किरणोत्सारी असते. तिच्यात आता प्लुटोनियम तयार झालेलं असतं. अमेरिका हे इंधन परत नेत नव्हती, आणि प्रक्रिया करून त्यातलं प्लुटोनियम वेगळं काढायला परवानगीही देत नव्हती. तारापूरला तशी प्रक्रिया करणारा कारखाना याच काळात बांधून तयार होत होता. जुड्या साचत गेल्या, तलाव भरत गेले. भारताने हळूच सुचवलं: तुम्ही इंधन दिलं नाहीत तर करार तुम्ही मोडला, करार मोडला तर आमच्यावरची बंधनंही गेली, तपासणीही गेली, आणि हे साचलेलं इंधन आमचं. वॉशिंग्टनमध्ये हे बरोबर ऐकू गेलं.

१९८० साली या भांडणाने अमेरिकी संसद ढवळून काढली. परवाना देणाऱ्या आयोगाने ३८ टन इंधनाला नकार दिला, कार्टरनी स्वतःच्या अधिकारात तो फिरवला. तोवर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या होत्या आणि अमेरिकेला भारत दुरावायला नको होता. प्रतिनिधीगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी कार्टरना विरोध केला, सिनेटमध्ये ते ४८ विरुद्ध ४६ ने तरले. पालघर जिल्ह्यातल्या (तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या) एका वीजकेंद्रावरून अमेरिकेच्या अध्यक्षाची इज्जत दोन मतांवर आलेली, हे बोईसरला किती जणांना ठाऊक असेल? पुढच्या मालाचा प्रश्न तरी राहिलाच. १९८२ च्या जुलैत इंदिरा गांधी आणि रेगन भेटले तेव्हा दोघांनाही भांडण संपवायचं होतं. तोडगा असा निघाला की करार शाबूत ठेवायचा, तपासणीही ठेवायची, पण अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यायचं. कुणी माघार घेतली असं कागदावर कुठेच दिसत नाही. मुत्सद्देगिरीचा इतका निर्मळ नमुना क्वचित सापडतो.

पुढचा क्रम भराभर सांगता येतो, पण तो आहे मजेदार. १९९३ मध्ये करार संपला. फ्रान्सनेही आता सर्व केंद्रांच्या तपासणीची अट घातली होती, त्यामुळे ते दार बंद. भारताने तपासणी आपणहून चालू ठेवली, नाहीतर कुणीच इंधन दिलं नसतं. काही जुड्यांमध्ये प्लुटोनियम मिसळलेलं देशी इंधन घालून पाहिलं. आणि १९९५ साली इंधन आलं ते चीनहून! ज्याच्या स्फोटाने १९६४ च्या ऑक्टोबरात दिल्लीची झोप उडवली त्याच चीनहून, तेव्हाच पाया खणायला घेतलेल्या भट्ट्यांसाठी. १९९३ मध्ये सीमेवर शांतता राखण्याचा करार झाला होता, चीन तेव्हा पुरवठादार गटात नव्हता, व्यवहार जमला. त्यानंतर २००१ मध्ये रशियाने इंधन दिलं, भट्टीच्या सुरक्षिततेसाठी गरजेचं आहे असं कारण पुढे करून. अमेरिका आणि पुरवठादार गट नाराज झाले. अमेरिका, फ्रान्स, चीन, रशिया. सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सभासदांपैकी ब्रिटन सोडून सगळ्यांनी तारापूरची भट्टी पेटती ठेवली, आणि या काळात भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केली नाही, १९९८ मध्ये आणखी पाच स्फोटही केले. अलिप्ततावाद कुठे आणि कधी संपला यावर वाद घालणाऱ्यांनी ही यादी जवळ ठेवावी.

या टंचाईने एक गोष्ट पक्की केली. पुढच्या भट्ट्या आपल्या आराखड्याच्या, आपल्या इंधनाच्या. तारापूर-३ आणि ४ प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या, नैसर्गिक युरेनियमच्या. चौथी आधी, २००५ च्या मार्चमध्ये सुरू झाली, तिसरी २००६ मध्ये. आणि नेमक्या याच वेळी १८ जुलै २००५ ला बुश आणि मनमोहन सिंग यांचं संयुक्त निवेदन आलं: भारताने आपली अणुकेंद्रं नागरी आणि सामरिक अशी वेगळी करावी, नागरी भाग तपासणीखाली द्यावा, बदल्यात जगाने व्यापार खुला करावा. कोणती भट्टी कुठल्या यादीत, यावर महिनोन्‌महिने घासाघीस झाली. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर तेव्हा अमेरिकी वार्ताकारांना नकोसे झाले होते, कारण शीघ्र प्रजनक भट्ट्या तपासणीखाली देणार नाही हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. गोवामुक्तीसाठी तुरुंगात गेलेल्या पुरुषोत्तम काकोडकरांचा हा मुलगा. अटींबाबतचा हट्ट घरातूनच आला असावा. २ मार्च २००६ च्या यादीत बावीसपैकी चौदा भट्ट्या तपासणीखाली गेल्या. तारापूर १ आणि २ त्यात होत्याच, ३ आणि ४ बाहेर राहिल्या. भाभांनी १९६३ मध्ये एका कुंपणावर आखलेली रेषा आता देशभर लागू झाली होती, आणि जगाने ती मान्य केली होती. ते मान्य होईपर्यंत डाव्यांनी सरकारचा पाठिंबा काढला, २२ जुलै २००८ ला विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी लोकसभेत नोटांची बंडलं फडकली, आणि ६ सप्टेंबरला पुरवठादार गटाने भारतासाठी अपवाद केला. १९७५ साली भारतामुळे जन्मलेल्या गटाने भारतासाठीच नियम वाकवला.

या सगळ्यात तारापूरच्या आसपासच्या माणसांना कुणी विचारलं होतं का? ३ आणि ४ क्रमांकांच्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली गेली. समुद्रावर जगणाऱ्यांना समुद्रापासून दूर घरं मिळाली, पुनर्वसनाचे खटले उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालले. सार्वभौमत्वाची भट्टी ज्या जमिनीवर उभी आहे तिची किंमत कुणी मोजली, हा प्रश्न परराष्ट्र धोरणाच्या पुस्तकांत येत नाही. यायला हवा. आता वाढवण बंदराच्या वेळी डहाणूचे मच्छीमार तोच विचारत आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेलं ७६ हजार कोटींचं हे बंदर सरकारच्या कागदांत आखाती देशांमार्गे युरोपला जाणाऱ्या नव्या व्यापारी मार्गाशी जोडलेलं आहे. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्थानक बांधलं जातंय, त्या संपूर्ण प्रकल्पासाठी जपानचं सुमारे ८८ हजार कोटींचं कर्ज आहे, व्याज ०.१ टक्का, मुदत पन्नास वर्षं. तारापूरच्या पाऊण टक्क्यापेक्षाही स्वस्त. अट तंत्रज्ञानाची: शिंकान्सेनच घ्यायची. १९९८ च्या स्फोटांनंतर याच जपानने नवी कर्जं थांबवली होती. तारापूर १ आणि २ मात्र २०२० मध्ये दीर्घ दुरुस्तीसाठी थांबवण्यात आल्या, तोवर त्या जगातल्या सर्वांत जुन्या चालू अणुभट्ट्यांमध्ये गणल्या जात होत्या.

पालघरचा आणखी एक धागा दर १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबादमध्ये दिसतो. ३१ डिसेंबर १९८८ ला (वसईच्या तहाचीच तारीख, १८६ वर्षांनी) राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या भेटीत एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार झाला. त्यानुसार दोन्ही देश १९९२ पासून दर वर्षी १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतर दिली, संसदेवरच्या हल्ल्यानंतर दिली, पुलवामानंतर दिली. यादी गुप्त असते, पण तारापूर तिच्यात नसणं शक्य नाही. त्याच दिवशी दुसरी यादी जाते, आणि १ जुलैला पुन्हा: एकमेकांच्या तुरुंगांतल्या कैद्यांची आणि मच्छीमारांची. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचे आदिवासी तरुण हंगामात ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. सर क्रीक खाडीच्या हद्दीचा वाद सुटलेला नाही, त्यामुळे समुद्रातली हद्द ठरलेली नाही. माशांच्या मागे गेलेली बोट पाकिस्तानी गस्तीच्या हाती लागते आणि तिच्यावरचे सगळे कराचीच्या मालीर तुरुंगात जातात. मग परराष्ट्र मंत्रालयातून कागद राज्याकडे, तिथून पोलीस ठाण्याकडे येतो आणि हा माणूस इथलाच का याची पाड्यावर जाऊन खात्री करावी लागते. मे २००८ च्या करारात म्हटलंय की शिक्षा पूर्ण झाली आणि राष्ट्रीयत्व पटलं की महिन्याभरात सुटका. बोट पकडली गेल्यावर घरी किती महिने पैसे येणार नाहीत याचा हिशेब मात्र त्या महिन्यावर कुणी धरत नाही, कारण शिक्षा संपून वर्षं उलटली तरी अडकून पडलेले लोक दोन्ही देशांच्या तुरुंगांत आहेत, आणि अणुकेंद्रांच्या यादीसारखी त्यांची सुटका वेळच्या वेळी होत नाही.